ताप उतरल्यानंतरचे सूर : लय, पट्टी आणि भाव

आठ-पंधरा दिवस आजाराने अंथरुणाला खिळल्यावर एखाद्या सकाळी अंग हलके वाटते. तोंडाला चव येते. भिंतीचा आधार घेत माणूस दारापर्यंत जातो आणि बाहेरचे ऊन पाहतो. पाय लटपटत असतात, पण मन प्रसन्न असते. हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. निबंधात त्याचे वर्णन करता येईल, त्याचे चित्रही काढता येईल. पण शब्द नाहीत, रंग नाहीत, हाताशी फक्त चार वाद्ये आहेत. अशा वेळी ‘मी बरा झालो’ हे कसे सांगायचे?

१८२५ साली बीथोव्हेन या जर्मन संगीतकाराने ते सांगून दाखवले. त्याच्या हाती मुख्यतः दोन साधने होती. एक लय, म्हणजे सुरांची गती. दुसरे साधन म्हणजे पट्टी. या लेखापुरता आपण हा शब्द थोड्या व्यापक अर्थाने घेऊ : कोणत्या स्वराला ‘सा’ मानायचे आणि त्याच्यापासून कोणते सात स्वर घ्यायचे, ही सारी निवड म्हणजे पट्टी. या दोन्ही गोष्टी मोजता येतात. त्यांतून ऐकणाऱ्याच्या मनात जो भाव उमटतो तो मात्र फूटपट्टीने मोजता येत नाही. पण तो कसा उभा राहतो, याची तपासणी करता येते. चला, ती करून पाहू.

चार वाद्ये आणि एक आजारी माणूस

लुडविग व्हान बीथोव्हेनचा जन्म १७७० साली जर्मनीतील बॉन शहरी झाला. त्याचे बहुतेक आयुष्य ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात गेले. तिशीच्या आतच त्याला ऐकू कमी येऊ लागले. १८१८ पासून भेटायला येणारे लोक आपले म्हणणे एका वहीत लिहून त्याला दाखवीत. १८२५ साली तो जवळजवळ पूर्ण बहिरा होता.

त्या वर्षी तो ज्या रचनेवर काम करीत होता ती ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ या प्रकारातली होती. यात चार वादक असतात. दोघांकडे व्हायोलिन, तिसऱ्याकडे त्याहून थोडा मोठा व खालच्या सुरांचा व्हायोला, आणि चौथ्याकडे गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवायचा चेलो. आपल्या मैफलीत एक जण गातो आणि बाकीचे साथ करतात. येथे चौघेही एकाच वेळी निरनिराळे स्वर वाजवतात आणि त्यांच्या मेळातून संगीत तयार होते. तबला नसतो आणि तंबोराही नसतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

रचना अर्ध्यावर असताना एप्रिल महिन्यात बीथोव्हेन आतड्याच्या दुखण्याने आजारी पडला. डॉक्टर ब्राउनहोफर यांनी त्याची दारू, कॉफी आणि मसाले बंद केले. मे महिन्यात तो व्हिएन्नाजवळच्या बाडेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी हवापालटासाठी गेला आणि बरा झाला. मग त्याने त्या रचनेत एक नवा भाग घातला. या भागाला त्याने दिलेल्या लांबलचक नावाचा अर्थ असा : आजारातून उठलेल्या माणसाने देवाला वाहिलेले कृतज्ञतेचे पवित्र स्तोत्र, लिडियन स्वरांत. पूर्ण रचनेचा क्रमांक आहे १३२. तिचे एकूण पाच भाग आहेत आणि हा त्यांतला मधला, म्हणजे तिसरा.

या भागाची मांडणी अशी आहे. आधी अगदी संथ स्तोत्र येते. मग गती वाढते, पट्टी बदलते आणि सुरू होतो एक उत्साही तुकडा. त्यावर बीथोव्हेनने ‘नवी शक्ती जाणवते आहे’ अशा अर्थाचे शब्द लिहिले आहेत. त्यानंतर पुन्हा स्तोत्र, पुन्हा नवी शक्ती आणि शेवटी पुन्हा स्तोत्र. म्हणजे तीन वेळा स्तोत्र आणि त्यांच्यामध्ये दोन वेळा नवी शक्ती.

लय कशी मोजायची?

‘संथ’ म्हणजे किती संथ? तुमचे संथ आणि माझे संथ सारखे असेलच असे नाही. घड्याळे घरोघरी नव्हती त्या काळात संगीतकारांनी यावर एक सोपा उपाय शोधला होता. १७५२ साली क्वान्ट्स या जर्मन बासरीवादकाने आपल्या पुस्तकात नाडी धरून लय ठरवायला सांगितले. निरोगी माणसाची नाडी मिनिटाला सुमारे ८० वेळा पडते, असे त्याने धरले. पण नाडी प्रत्येकाची वेगळी. धावून आलो की वाढते, ताप आला की वाढते. हे माप भरवशाचे नव्हे.

लंबक मात्र भरवशाचा असतो. हा प्रयोग करून पाहा. दोऱ्याला एक छोटा दगड बांधा आणि दोरा खुंटीला अडकवा. खुंटीपासून दगडाच्या मध्यापर्यंतची लांबी ९९ सेंटिमीटर ठेवा. दगडाला हलकासा झोका द्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला त्याला एक सेकंद लागेल, म्हणजे मिनिटाला ६० टोले. आता दोरा आखडून लांबी २५ सेंटिमीटर करा. मिनिटाला १२० टोले पडतील. लांबी चौथाई झाली, पण वेळ फक्त निम्मा झाला. मिनिटाला ८० टोले हवे असतील तर लांबी ५६ सेंटिमीटर ठेवावी लागते.

आता उलट दिशेने जाऊ. मिनिटाला ४० टोले हवेत, म्हणजे एका टोल्याला दीड सेकंद. त्यासाठी दोरा किती लांब हवा? ९९ ला दीडच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोनने गुणा. उत्तर येते जवळजवळ सव्वादोन मीटर! एवढा लंबक वाद्यांच्या पेटीत घेऊन कोण हिंडणार?

ही अडचण १८१४ साली ॲमस्टरडॅममध्ये विंकेल या कारागिराने सोडवली. त्याने लंबकाची दांडी वरच्या टोकाला न टांगता मधल्या बिंदूवर अडकवली. खालच्या बाजूला जड वजन आणि वरच्या बाजूला सरकवता येणारे हलके वजन. खालचे वजन दांडीला मध्यावर परत आणू पाहते, तर वरचे तिला बाहेर ढकलू पाहते. दोघांची ओढाताण होऊन परत येण्याचा जोर कमी पडतो आणि वीतभर उंचीची दांडीही संथपणे डुलते. वरचे वजन वर सरकवा, लय आणखी मंद होते. खाली आणा, जलद होते. या युक्तीला मोजपट्टी जोडून मेल्त्सेल या यंत्रकाराने १८१५ साली पेटंट घेतले. हाच तो मेट्रोनोम. त्यावर साधारणपणे मिनिटाला ४० पासून २०८ पर्यंत टोले मिळतात. कल्पना विंकेलची, पण नाव झाले मेल्त्सेलचे.

याच मेल्त्सेलने बीथोव्हेनसाठी कानाला लावायचे भोंगेही तयार केले होते. मेट्रोनोम पाहून बीथोव्हेन इतका खूश झाला की, लयीसाठी वापरले जाणारे जुने इटालियन शब्द आता सोडून द्यावेत, असे त्याने एका पत्रात लिहिले. १८१७ साली त्याने आपल्या आधीच्या आठ सिंफनींचे आणि अकरा क्वार्टेटांचे मेट्रोनोमचे आकडे छापून प्रसिद्ध केले.

यांतले अनेक आकडे वादकांना अतिशय जलद वाटतात. २०२० साली स्पेनमधील दोन संशोधकांनी सिंफनींच्या अनेक ध्वनिमुद्रणांतील लयी मोजल्या आणि त्यांची या आकड्यांशी तुलना केली. त्यांचा तर्क असा, की मेट्रोनोमवरचा आकडा सरकत्या वजनाच्या वरच्या कडेशी वाचायचा असतो; बीथोव्हेनने तो खालच्या कडेशी वाचला असावा. पट्टीवर खाली गेले की आकडे मोठे होत जातात, त्यामुळे लय होती त्यापेक्षा जलद लिहिली गेली. हा तर्क सर्वांनाच मान्य आहे असे नाही. पण मापनाचे उपकरण कितीही चांगले असले तरी ते वाचणारा चुकू शकतो, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आणि आता गंमत पाहा. आकड्यांचा हा एवढा चाहता, पण कृतज्ञतेच्या स्तोत्रावर त्याने आकडा लिहिलेला नाही. तेथे जुनेच इटालियन शब्द आहेत. स्तोत्रासाठी ‘मोल्टो अदाज्यो’, म्हणजे अगदी संथ. नव्या शक्तीसाठी ‘आंदान्ते’. या शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘चालत’. अंथरुणावर पडलेला माणूस उठून चालू लागला! आकडा नसल्यामुळे हा भाग कोणी पंधरा मिनिटांच्या आसपास वाजवतात, तर कोणी वीस मिनिटांच्या जवळ नेतात. तरीही संथपणा आणि चालणे यांतला फरक सगळेच राखतात.

इतका संथ सूर टिकतो कसा?

सतारीची तार छेडली की सूर उमटतो आणि विरत जातो. तारेला एकदाच धक्का मिळालेला असतो आणि तिची ऊर्जा हळूहळू संपते. अशा वाद्यावर फार संथ स्तोत्र वाजवले तर दोन सुरांच्या मध्ये पोकळी पडेल. व्हायोलिनच्या घराण्यातील वाद्ये गजाने वाजवतात. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. केस तारेला चिकटून तिला ओढत नेतात. ताण वाढला की तार निसटून मागे जाते, पुन्हा चिकटते, पुन्हा निसटते. सेकंदाला शेकडो वेळा हे घडते आणि प्रत्येक वेळी तारेला नवी ऊर्जा मिळते. म्हणून गज चालू आहे तोवर सूर अखंड राहतो. तो हळूहळू फुगवता येतो, विझवताही येतो, अगदी माणसाच्या श्वासासारखा.

चिकटणे आणि निसटणे यांचे हे चक्र एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याचे सविस्तर गणित मांडणाऱ्यांत आपले चंद्रशेखर व्यंकट रामन अग्रभागी होते. प्रकाशावरील संशोधनासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण त्यापूर्वी, १९१८ साली, गजाने वाजणाऱ्या तारांवरचा त्यांचा प्रबंध कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेने प्रसिद्ध केला होता.

पेटीवर लिडियन

आता पट्टीकडे वळू. शाळेत किंवा घरी बाजाची पेटी असेल तर ती पुढे ओढा. पांढरी चार हा ‘सा’ माना. तेथून वर फक्त पांढऱ्या पट्ट्या एकामागून एक दाबत पुढच्या पांढऱ्या चारपर्यंत जा. काय ऐकू आले? सा, रे, ग, तीव्र म, प, ध, नी, सा. अहो, हा तर कल्याण थाट! पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची जी दहा थाटांत वर्गवारी केली, त्यांतला हा एक. यमन राग याच थाटातला. युरोपच्या जुन्या उपासनासंगीतात याच सात स्वरांच्या क्रमाला लिडियन म्हणत.

बीथोव्हेनच्या काळी युरोपात मेजर आणि मायनर या दोन स्वररचनांचेच राज्य होते. मेजर म्हणजे आपला बिलावल थाट. मायनरचे मूळ रूप म्हणजे आपला आसावरी थाट. पांढरी चारवरून मेजर वाजवायचा तर मध्यम शुद्ध हवा, म्हणजे काळी पाच दाबावी लागेल. स्तोत्रात बीथोव्हेन ही काळी पाच टाळतो.

या एका स्वराने काय होते? पांढऱ्या चारची कंप्रता आजच्या मापाने सेकंदाला सुमारे ३४९ आहे. काळी पाचची ४६६. त्यांचे गुणोत्तर जवळजवळ ४:३, म्हणजे साधे, सोपे. हे दोन सूर कानाला सहज जुळलेले वाटतात. पांढरी सातची, म्हणजे तीव्र मध्यमाची, कंप्रता ४९४. तिचे पांढऱ्या चारशी गुणोत्तर १.४१ च्या आसपास येते. असे सोपे गुणोत्तर येथे सापडत नाही. हा सूर स्थिर बसत नाही, वरच्या पंचमाकडे ओढ घेतो.

पण यमन ऐकताना आपल्याला अस्थिर वाटत नाही. का बरे? कारण मागे तंबोरा सतत ‘सा’ सांगत असतो. घर कोठे आहे याबद्दल शंकाच राहत नाही. क्वार्टेटमध्ये तंबोरा नाही. शिवाय पांढऱ्या पट्ट्यांचे हेच सात स्वर पांढरी एकला ‘सा’ मानले तर बिलावल होतात. त्यामुळे चार वाद्यांचा मेळ ऐकताना कानाला कधी पांढरी चार घर वाटते, तर कधी पांढरी एक. सूर जमिनीला पूर्ण टेकत नाहीत, किंचित तरंगत राहतात. त्यात लय इतकी संथ, की पुढचा सूर येईपर्यंत मनाला वाट पाहावी लागते. तापातून उठलेल्या माणसाला उभे राहिल्यावर क्षणभर जसे वाटते, त्याची येथे आठवण होते. तुम्ही हे केवळ माझ्या सांगण्यावरून मानू नका. कल्याणचे स्वर पेटीवर एकदा सा-प धरून आणि एकदा न धरता वाजवून पाहा.

मोकळ्या तारा बोलू लागतात

नवी शक्ती येते ती पांढरी दोनच्या मेजर पट्टीत. येथे सा आहे पांढरी दोन आणि सप्तकात काळी एक व काळी तीन या दोन काळ्या पट्ट्या येतात. आधीच्या स्तोत्राचा ‘सा’ असलेल्या पांढरी चारला या सप्तकात जागाच नाही! तो सूर अर्ध्या पायरीने वर सरकून काळी तीन झाला आहे.

याचा व्हायोलिनवर प्रत्यक्ष परिणाम होतो. व्हायोलिनच्या चार तारा पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन या स्वरांत लावलेल्या असतात. त्यांच्या कंप्रता अनुक्रमे सुमारे १९६, २९३, ४४० आणि ६६०. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या दीडपट. आता पाहा : पांढरी दोन ‘सा’ धरली तर पांढरी सहा ‘प’ होते आणि उरलेल्या दोन तारा ‘म’ व ‘रे’ होतात. चारही मोकळ्या तारा या पट्टीच्या सभासद, आणि त्यांत सा व प ही दोन प्रमुख. व्हायोला व चेलो यांच्याही चारांपैकी तीन तारा याच पट्टीत बसतात. पांढरी चारची मोकळी तार मात्र चारही वाद्यांपैकी एकावरही नाही. तो सूर दर वेळी बोटाने तार दाबूनच काढावा लागतो.

मोकळ्या तारेचे एवढे महत्त्व कशासाठी? येथे अनुस्पंदनाचा नियम लागू होतो. एका तारेवर ५८७ कंप्रतेचा सूर वाजवला की शेजारची २९३ ची मोकळी तार, तिला कोणी न छेडताच, दोन भागांत विभागून थरथरू लागते. सतारीच्या तरफांच्या तारा अशाच बोलतात. हे पाहायचे असेल तर तंबोऱ्याच्या एका सुरात लावलेल्या दोन तारांपैकी एकीवर घडी घातलेला कागदाचा कपटा बसवा आणि दुसरी छेडा. तारा नीट जुळलेल्या असतील तर कपटा उडू लागतो. पांढरी दोनच्या पट्टीत अशी साथ वारंवार मिळते आणि वाद्याचा आवाज भरदार, खुला होतो.

याच वेळी लय चालती होते. स्तोत्रातील मात्रा चारचारांच्या गटांत होत्या. आता तीन-तीनांच्या गटांत आहेत. पहिल्या व्हायोलिनवर सुरांच्या थरथरत्या लगडी येतात, सूर एकदम उंच उड्या घेतात, जोराचा आवाज आणि हळू आवाज आळीपाळीने ऐकू येतात. पट्टी, लय आणि वाद्याचा नाद, तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बदलल्या.

भाव येतो कोठून?

पण यांतल्या कोणत्या गोष्टीने भाव बदलला? एकाच वेळी सगळे बदलले तर हे कळणार नाही. शास्त्रज्ञ अशा वेळी एकच गोष्ट बदलतात आणि बाकीच्या कायम ठेवतात. १९३५ ते १९३७ या काळात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केट हेव्हनर यांनी असेच केले. एकच तुकडा दोन प्रकारे वाजवला जाई. कधी फक्त लय बदललेली, कधी फक्त मेजरचा मायनर केलेला. ऐकणाऱ्यांनी विशेषणांच्या यादीतून आपल्याला जाणवलेला भाव निवडायचा. लयीचा परिणाम सर्वांत ठळक आढळला. आनंद की दुःख, हे ठरवण्यात मेजर-मायनरचाही मोठा वाटा दिसला.

२००१ साली कॅनडातील मॉंट्रियल येथील संशोधकांनी लहान मुलांवर प्रयोग केले. पाच वर्षांची मुले सूर आनंदी की दुःखी हे लयीवरून ओळखत. मेजर-मायनरचा फरक त्यांच्या कामी येत नसे. सहा ते आठ वर्षांची मुले मात्र दोन्हींचा उपयोग करीत. यावरून असे वाटते, की लयीचा भाव आपल्याला लवकर कळतो. धावणे, थकणे, नाडी, श्वास हे सारे जन्मापासून आपल्याबरोबर असते. पट्टीचा भाव कळायला आणखी वेळ लागतो; आजूबाजूचे संगीत ऐकून कान तो शिकत असावेत.

मग संथ म्हणजे दुःखी आणि जलद म्हणजे आनंदी, एवढा सोपा नियम झाला का? कृतज्ञतेचे स्तोत्र या नियमाला उत्तर देते. ते अगदी संथ आहे, पण दुःखी नाही. त्याचे स्वर मायनरचे नाहीत आणि नेहमीच्या मेजरचेही नाहीत. शिवाय नव्या शक्तीच्या शेजारी ते ठेवलेले आहे. एकटे ऐकले तर ती केवळ प्रार्थना वाटेल. चालत्या तुकड्यानंतर पुन्हा ऐकले, की ती चालून आलेल्या माणसाची प्रार्थना होते.

दर वेळी परत येताना स्तोत्र थोडे बदललेलेही असते. लय संथच, पट्टी तीच. पण दुसऱ्या खेपेस मूळ चाल पहिल्या व्हायोलिनवर वर जाते आणि खालचे सूर अधिक हलते होतात. तिसऱ्या खेपेस स्तोत्राची फक्त पहिली ओळ उरते, आणि ती चारही वाद्ये एकमेकांकडून उचलून घेतात. येथे बीथोव्हेनने वादकांना सूचना लिहिली आहे, ती अत्यंत मनापासून वाजवण्याची. मेट्रोनोमवर अशी खूण कोठेच नसते.

ही रचना ६ नोव्हेंबर १८२५ रोजी व्हिएन्नात जाहीरपणे वाजवली गेली. त्यानंतर दीड वर्ष होण्याआधीच, २६ मार्च १८२७ रोजी, बीथोव्हेनचे निधन झाले.

हा भाग ऐकायला मिळाला तर एक काम करा. सुरुवातीला घड्याळ समोर ठेवा, आपली नाडी मोजा आणि स्तोत्रातील मात्रा तिच्यापेक्षा किती मंद आहेत ते पाहा. नवी शक्ती सुरू झाली की पावलाने ठेका धरा. दोन्ही आकडे वहीत लिहा. मग घड्याळ बाजूला ठेवा आणि शेवटचे स्तोत्र नुसते ऐका.